तुम्ही विचारलंत म्हणून: आईच व्हायचंय, तर एम.एस्सी. कशाला?

आमच्या कॉलेजात प्रवेशाच्या दिवसांत मुलींच्या आया मला हमखास बाजूला घेतात. “मॅडम, तुम्हीही लेकुरवाळ्या. खरं सांगा, हिचं दोन वर्षांत लग्न करायचंय. मूलबाळ झालं की घरीच बसणार. मग बी.एस्सी.वर एम.एस्सी. कशाला?”

‘पुढे मुलांचा अभ्यास घेता येतो’ हे उत्तर मी देत नाही. आईला शिक्षण उपयोगी पडतं, हे खरं. माझ्या लेकीला ताप आला तेव्हा घरात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या होत्या. थेंबांच्या बाटलीवर लिहिलेलं, 1 मिलीत 100 मिलिग्रॅम. सिरपवर, 5 मिलीत 125. सिरपच्या मापाने थेंब पाजले असते तर औषध चौपट गेलं असतं. लेबल वाचलं म्हणून निभावलं. पण एवढ्यासाठी एम.एस्सी. लागत नाही, मन लावून केलेली दहावी पुरते.

एम.एस्सी. लागते ती बाईला स्वतःसाठी. मूल अंगावरचं असतं ती चार-पाच वर्षं फार ओढीची, मान्य. मग ते शाळेच्या रिक्षात बसून जायला लागतं आणि घरात तिशीतली बाई उरते, जिच्यापुढे कामाची तीस वर्षं पडलेली असतात. तेव्हा तिच्या हातात काय आहे, हा माझा प्रश्न आहे. सीनियर कॉलेजात शिकवायचं तर 55 टक्क्यांनी पदव्युत्तर पदवी लागते, वर नेट, सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांपैकी एक नाहीतर पीएचडी. तान्हं मूल झाल्यावर हे सगळं पहिल्यापासून सुरू करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांची जिद्द मोठी, पण दमछाकही तेवढीच. निम्मं आधी झालेलं असलं तर केवढा फरक पडतो!

आणि आईपण आलं की शिक्षणाची ओढ संपते, हे तरी कुणी ठरवलं? आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या, बाळ दहा दिवसांत गेलं. त्यानंतर त्या अमेरिकेला गेल्या, 1886 साली फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या. प्रबंधाला विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचाच.

तुमच्या लेकीला शिकता शिकता दिवस गेले तरी नाव काढून घेऊ नका. पीएचडी करणाऱ्या मुलींना यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांत 240 दिवसांपर्यंत रजा आहे, शिवाय दोन वर्षांची वाढीव मुदत. पदवी आणि पदव्युत्तरच्या मुलींसाठीही रजेचे, हजेरीच्या सवलतीचे नियम करा, असं यूजीसीने 2021 मध्ये विद्यापीठांना कळवलंय. प्रयोगशाळेतल्या वाफांची काळजी वाटते ना? ती रास्तच आहे. आमच्याकडे गरोदर मुलींची तसली प्रॅक्टिकल्स आम्ही पुढच्या सत्रात घेतो. फक्त तोंडी विचारून परत जाऊ नका. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.