वॉकर कुठे चालला होता?

जॉनी वॉकरच्या बाटलीवरचा माणूस न पिणाऱ्यांच्याही ओळखीचा असतो. लाल कोट, उंच हॅट, हातात काठी आणि स्वारी कुठेतरी लगबगीने निघालेली. 1908 साली टॉम ब्राऊन या चित्रकाराने तो काढला. स्कॉटलंडमधल्या किल्मारनॉक गावी किराणा मालाचं दुकान चालवणाऱ्या जॉन वॉकरचं आडनाव ऐकून, हा गडी चालताना दाखवावा असं कुणालाही सुचलं असतं. पण मूळचा वॉकर फिरायला जाणाऱ्यांपैकी नव्हताच. तो एका जागीच पाय हलवत उभा असायचा, आणि उभा असायचा तोही शिळ्या लघवीत.

(या आडनावाने नंतर किती पायपीट केली पाहा. मुंबईत बेस्टच्या बसमध्ये तिकिटं फाडणाऱ्या बद्रुद्दीन काझींना गुरुदत्तने पडद्यासाठी नाव दिलं ते या बाटलीवरूनच. आणि पडद्यावर झकास झिंगणारे काझीसाहेब प्रत्यक्षात दारूला शिवत नसत.)

तर लघवी. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड अंगावर घालण्याच्या लायकीचं नसतं. विणकर सुताला तेल लावतो, त्यात मेंढीच्या अंगची चरबी असतेच, आणि वीण इतकी सैल की पलीकडचं दिसावं. आपल्याकडे सनगर घोंगडीला चिंचोक्याची खळ देऊन अंग आणतात. इंग्लंडात ते कापड कुंडात टाकून पायांनी तुडवत. त्यात शिळी लघवी ओतत, कारण ती मुरली की तिच्यात अमोनिया तयार होतो आणि तेलकटपणा निघून जातो. मग एक विशिष्ट माती घालून पुन्हा तुडवायचं. तासन्‌तास तुडवल्यावर लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटतं, दाट होतं, वारा अडवायला लागतं. शेवटी स्वच्छ पाण्यात धुऊन ते उघड्या मैदानात लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळत घालायचं. ती माती आपण मुलतानी माती म्हणून तोंडाला फासतो, त्याच जातीची. पाकिटावर तिचं ‘फुलर्स अर्थ’ हे इंग्रजी नाव छापलेलं असतं त्यातला ‘फुलर’ म्हणजे हाच कापड तुडवणारा.

काम एकच, पण इंग्लंडच्या कुठल्या कोपऱ्यात करता त्यावर नाव ठरायचं. आग्नेयेला ससेक्स-केंटकडे तो फुलर, नैर्ऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे टकर आणि उत्तरेला यॉर्कशर-लँकशरकडे वॉकर. जुन्या इंग्रजीत वॉकरच्या मुळाशी असलेलं क्रियापद घोळणं, लोळवणं अशा अर्थाचं होतं. चालण्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. टकरचं मूळ तर छळण्यात आहे, आणि कापडाचे ते हाल पाहता ते पटतं. एक्सेटर शहरात 1471 साली बांधलेला टकर्स हॉल अजून उभा आहे. विणकर, टकर आणि कापडाची लव कातरणारे यांच्या मंडळाची ती वास्तू. तीच यॉर्कमध्ये असती तर तिच्यावर वॉकरांचं नाव लागलं असतं. इंग्रजी आडनावांत स्मिथ आणि टेलर यांचा फार बोलबाला, पण ती गावोगाव सारखीच. या तीन नावांमधून मात्र, आजोबा-पणजोबा बोलत कसे असतील याचाही अंदाज बांधता येतो.

मला यातली खरी गंमत वाटते ती वेळेची. टेंपलर या मध्ययुगीन ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांच्या इंग्लंडातल्या मालमत्तेची 1185 साली जी मोजदाद झाली, तिच्यात पाण्यावर चालणाऱ्या कापड तुडवण्याच्या गिरण्यांची नोंद आहे. चाक फिरलं की लाकडी हातोडे वरखाली होणार आणि पायांचं काम करणार. पुढच्या शे-दीडशे वर्षांत अशा गिरण्या नद्यांकाठी सगळीकडे झाल्या. आणि साधारण याच काळात इंग्लंडात आडनावं बापाकडून मुलाकडे जाऊन पक्की होत होती. म्हणजे ज्या सुमारास पाय कुंडाबाहेर निघाले, त्याच सुमारास ‘तुडवणारा’ हे नाव घराण्याला कायमचं लागलं. डोईपट्टी गोळा करणाऱ्या कारकुनांच्या 1379 च्या यादीत जो वॉकर आहे, त्याने कदाचित कापडावर पाय ठेवलाही नसेल. नुसता हातोड्यांवर लक्ष ठेवून बसत असेल. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर मात्र यंत्राने फार उशिरा शिरकाव केला. तिथे विसाव्या शतकातही बायका लांब फळीभोवती बसून ओलं ट्वीड ठेक्यात आपटत होत्या, आणि त्यांची त्या ठेक्यावरची गॅलिक गाणी ध्वनिमुद्रित झालेली आहेत.

नाव आणि धंदा यांची फारकत किती व्हावी, तर ससेक्समधला जॉन फुलर बघा. प्रदेश नकाशाबरहुकूम, पण पैसा लोखंडाचा आणि जमैकातल्या उसाच्या मळ्यांचा. ते मळे गुलामांच्या कष्टावर चालायचे आणि हा खासदार पार्लमेंटात गुलामगिरीची बाजू लावून धरायचा. लोक त्याला ‘मॅड जॅक’ म्हणत. स्वतःच्या थडग्यासाठी त्याने ब्राइटलिंगच्या चर्चच्या आवारात जिवंतपणीच पिरॅमिड बांधून घेतला. तो आजही तिथे आहे. विज्ञानावर मात्र त्याचा जीव होता. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनला त्याने पैसे दिले आणि 1833 साली तिथे रसायनशास्त्राचं ‘फुलेरियन’ प्राध्यापकपद सुरू झालं. पहिला मान मायकेल फॅरेडेचा. अमोनिया वायूचा द्रव करून दाखवणं ही कामगिरी त्याने त्याच्या दहाएक वर्षं आधीच केलेली होती.