रोलकडून नात्याकडे: परवानग्यांची व्यवस्था बदलताना

आमचं सॉफ्टवेअर सीए ऑफिसांसाठी आहे. क्लायंटची कागदपत्रं, रिटर्न, नोटिसा सगळं त्यातच. परवानग्या रोलवर चालायच्या: पार्टनर, मॅनेजर, आर्टिकल (शिकाऊ उमेदवार). मग फोन सुरू झाले. "हा मुलगा या क्लायंटचं ऑडिट बघेल, पण जीएसटी नको." अशा प्रत्येक फोनमागे एक नवा रोल जन्माला यायचा. शेवटी रोलचा ड्रॉपडाऊन स्क्रोल करताना बोट दुखायला लागलं.

गूगलने २०१९मध्ये झांझिबार या आपल्या परवानगी-यंत्रणेवर पेपर काढला. ड्राइव्ह, कॅलेंडर, यूट्यूबच्या परवानग्या त्या एकाच यंत्रणेवर चालतात. कल्पना साधी आहे: रोलऐवजी नाती साठवायची, म्हणजे कोणाचा कशाशी काय संबंध. त्याच धर्तीचं ओपनएफजीए हे ओपन सोर्स आम्ही घेतलं. आता ऑडिटचं फोल्डर अमुक टीमला दिसावं, एवढी एक ओळ लिहितो. टीममध्ये कोण, ही वेगळी ओळ. फाइलसाठी ओळच नाही, ती फोल्डरचा हक्क उचलते. आर्टिकलशिप संपली की टीममधली त्याची ओळ काढायची, बस्स.

मॉडेल, म्हणजे नात्यांचे नियम, लिहिणं त्यामानाने सोपं गेलं. घाम काढला तो डेटा जुळता ठेवण्याने. क्लायंट पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये, नातं ओपनएफजीएत. एक लिहिलं गेलं आणि दुसरं फसलं तर? म्हणून नात्यातला बदल आधी पोस्टग्रेसच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं लिहिलं जातं, नाहीतर काहीच नाही) एका आउटबॉक्स टेबलात टाकतो, तिथून वर्कर, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, तो ओपनएफजीएकडे पोचवतो.

दुसरी डोकेदुखी याद्यांची. 'याला हे दिसेल का?' याचं उत्तर झटकन मिळतं. 'याला काय काय दिसेल?' हा प्रश्न महाग. त्यासाठीची ओपनएफजीएची लिस्टऑब्जेक्ट्स ही सोय मुळात १००० निकालांवर थांबते, शिवाय नावानुसार क्रम लावून देत नाही. म्हणून तिच्याकडून फक्त क्लायंटचे आयडी घेतो, बाकी चाळणी पोस्टग्रेसमध्ये एसक्यूएलने. सगळंच नात्यांत कोंबायचा मोह आवरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. इनव्हॉइस ड्राफ्ट आहे की फायनल, हे नातं नव्हे.

कॅश (आधीची उत्तरं काही वेळ साठवून तीच पुन्हा देणं) चालू केली तेव्हा नवी शंका आली: टीममधून काढलेल्याला जुन्या उत्तरावर फाइल मिळाली तर? डाउनलोडच्या वेळी म्हणून कॅश वगळून ताजी तपासणी मागतो. थोडं हळू चालतं, चालू दे.

जुनी रोलपद्धत काही काळ सोबत चालू ठेवून दोन्हींची उत्तरं लॉगमध्ये ताडून पाहिली. जिथे फरक आला तिथे बहुतेक वेळा जुना कोडच सढळ हाताने वाटत होता. ते फरक ऑफिसांना दाखवून, त्यांनी हो म्हटल्यावरच रोलचं टेबल काढलं.