टोंगारिरो आणि माझे गुडघे

हॉस्टेलच्या पायरीवर बसलेय. माझा बेड वरचा आहे आणि ती चार पायऱ्यांची शिडी चढायची हिंमत अजून होत नाहीये.

आज न्यूझीलंडचा टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग हा ज्वालामुखीच्या डोंगरांतला ट्रेक केला. साधारण २० किलोमीटर, मांगाटेपोपोहून केटेटाहीपर्यंत. सकाळी शटलने सोडलं तेव्हा जोरात गप्पा चालू होत्या. डेव्हिल्स स्टेअरकेस ही उभी चढण लागल्यावर आपोआप बंद झाल्या.

रेड क्रेटर हा सगळ्यात उंच टप्पा, १,८८६ मीटर. वारा असा की टोपी हातात धरून चालले. पण खरी परीक्षा पुढे. एमराल्ड लेक्सकडे उतरताना सगळी भुसभुशीत खडी. टाच रोवायची, अर्धा बूट बुडतो आणि आपण न विचारता फूटभर खाली! दोनदा सपशेल बसले. नंतर बुटांतून मूठभर खडी निघाली. समोर मात्र ती हिरवीगार तळी, कडेला जमिनीतून येणारी वाफ, नाकात गंधकाचा वास... ढोपर खरचटलंय हे बऱ्याच वेळाने कळलं. (रंग खनिजांमुळे आहे. फोटोला फिल्टर नाही, आधीच सांगते.)

पुढचा ब्लू लेक इथल्या मूळच्या माओरी लोकांसाठी पवित्र, त्याच्या काठी खायचं-प्यायचं नसतं. भूक दाबून बरंच पुढे गेल्यावर सँडविच काढलं. चेपून पोळी झालेलं, तरी काय लागलं म्हणून सांगू!

शेवटचा उतार काही संपता संपेना. बाटलीत दोनच घोट उरले होते. जाणार असाल तर पाणी भरपूर न्या, वाटेत विकत काही मिळत नाही.

चला, शिडी चढते.