तुम्ही विचारलेत म्हणून : पेट्रोलची मशीन असताना बॅटरीची का?

दर पावसाळ्यात हा प्रश्न कुंपणापलीकडून येतो आणि आता तो नातेवाइकांच्या बैठकीतही येऊ लागला आहे : चांगली चालती पेट्रोलची मशीन घरात असताना गवत कापायला मी बॅटरीची मशीन का आणली? आजवर "आवाज कमी" असे सांगून मी सुटका करून घेत आलो. ते खोटे नाही, पण खरे कारणही नाही.

हिशेबात मी हरलेलोच आहे. माझी बॅटरी ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-तास, म्हणजे १४४ वॉट-तासांची. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ९,००० वॉट-तास ऊर्जा असते, आणि तिचा पाचवाच हिस्सा पात्यापर्यंत पोचतो असे धरले, तरी तो अशा बारा बॅटऱ्यांना पुरून उरतो. श्रावणात झड लागून हरळी घोट्याच्या वर गेली की माझी मशीन अर्ध्या हिरवळीवर मान टाकते. मे महिन्यात इंदूरच्या उन्हाने तापलेली बॅटरी निवेपर्यंत चार्जर दाद देत नाही. हे सगळे मला ठाऊक आहे. कृपया पुन्हा सांगू नका.

पेट्रोलच्या मशीनच्या दांड्याला एक आडवी कडी असते. ती दाबून धरली तरच इंजिन चालते, सोडली की पेट्रोल पेटवणारी ठिणगी तुटते. आमचे माळीदादा ती कडी सुतळीने बांधून ठेवीत. मी एकदा हटकले, तेव्हा "साहब, हाथ दुखता है," एवढेच ते म्हणाले आणि मी गप्प बसलो. काम लवकर आटोपत होते, हे कशाला लपवू? एका भाद्रपदातल्या सकाळी ओल्या गवताचा गोळा पात्याखाली अडकून इंजिन बंद पडले. त्यांनी मशीन कलती करून खाली हात घातला. मी पाच पावलांवर चहा घेत उभा होतो. मशीन बंद आहे, असे मलाही वाटले. परंतु पाते फिरवले की इंजिनही फिरते, आणि कडी बांधलेली असल्यामुळे ठिणगी जिवंत होती. गोळा सुटला आणि पात्याने एकदाच उसळी घेतली. दोन बोटांची पेरे गेली. रुग्णालयातून परतल्यावर मी सर्वांत आधी ती सुतळी कापली, कोणी पाहण्याआधी.

म्हणून बॅटरीची. बॅटरी काढून बाजूला ठेवली की पात्यात जीव राहत नाही. अर्थात पेट्रोलच्या मशीनच्या, ठिणगी पाडणाऱ्या प्लगची टोपी उपसून ठेवली असती तरी तेच साधले असते, आणि तेही फुकट; हे मी स्वतःशी अनेकदा बोललो आहे. मग मी यंत्र बदलले की स्वतःची लाज झाकली? वायरच्या मशीनचा विचार मी ओल्या गवतापायी सोडला. हाताने ढकलायची, कात्रीसारखी कापणारी सिलिंडरची मशीन कोरड्या, आखूड गवतावर फार सुरेख चालते, पण वाढलेले गवत ती नुसते लोळवते.

माळीदादा अजूनही येतात. त्यांना नवी मशीन पसंत नाही : ती बंद केली आहे की नुसती थांबली आहे हे कानाला कळत नाही, असे ते म्हणतात, आणि यावर माझ्यापाशी उत्तर नाही. पेट्रोलची मशीन मी विकलेली नाही. गेल्या श्रावणात ती एकदा बाहेर काढावी लागली. कडी मी स्वतः धरली होती, आणि हात खरोखरच दुखतो.