17.50 म्हणजे आमच्या पार्किंगमध्ये कुठवर?

आई बदलापूर पश्चिमेला तळमजल्यावर राहते, मी ठाण्यात. जुलै उजाडला की आम्हा मायलेकींच्या बोलण्यात दोन आकडे येतातच: उल्हास नदीची इशारा पातळी 16.50 मीटर आणि धोका पातळी 17.50. कितीतरी वर्षं मी समजत होते, नदी तेवढी खोल झाली की धोका! पण हे मीटर समुद्रसपाटीपासून धरलेले असतात. मोजपट्टीवर पाणी कुठे टेकलंय ते बघून आकडा कळवतात, धो-धो पावसात तासातासाला.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, ‘नदीने धोका पातळी ओलांडली’. ना वेळ, ना तारीख. आईचा लगेच फोन. तिने 27 जुलै 2019 पाहिलाय, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली होती तो दिवस.

मी 1077 लावला, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर. तिसऱ्या खेपेला लागला.

“मॅडम, आठ वाजताची पातळी 16.70 आहे.”

“आणि सातची?”

“16.40.”

म्हणजे मेसेज जुनाच, कुणीतरी उगाच ढकललेला. पण तासाला तीस सेंटिमीटर ही काही निवांत झोपायची गोष्ट नव्हे. मागच्या तासाचा आकडा विचारायचं मला आईच्या शेजारच्या काकांनी शिकवलंय. नदीच्या वरच्या अंगाला, कर्जतला, पाऊस उघडला का, हेही ते विचारायला लावतात. तिकडचं पाणी आमच्याकडे पोचायला काही तास जातात.

याच काकांनी पार्किंगच्या खांबावर लाल ऑइलपेंटने रेघा मारून ठेवल्यात. जाहीर झालेली पातळी आणि त्या वेळी आपल्याकडे आलेलं पाणी, दोन-तीन पुरांत जुळवून. 17.50 ला पाणी गेटशी. 18 ला स्कूटरचं चाक बुडतं. आईचा उंबरा त्याहून दोन वीत वर. सुरुवातीला सोसायटीत कुरकुर झाली, खांब विद्रूप केला म्हणून. आता रंग उडाला की तीच मंडळी डबा घेऊन येतात.

नऊला 16.90. दहाला 17. वाढ मंदावत होती, तरी आईने तांदळाचा डबा ओट्यावर चढवला, गादी गुंडाळून कपाटावर टाकली आणि वीजबिलांची पिशवी, का कोण जाणे, फ्रिजमध्ये ठेवली. बाराला 17.05, एकलाही तेवढंच.

“आता झोप गं,” आई म्हणाली. “आणि रविवारी ये. डबा चढवला खरा, उतरवायचा मला जमायचा नाही.”