निळ्या पट्ट्याचा उजवा अजून वरच

मंडळी, मागच्या वेळी छातीठोकपणे लिहिलं होतं की माझ्या कुत्रीच्या चारही नर पिल्लांचे वृषण खाली पिशवीत उतरलेत. ते शब्द गिळतेय. आज आठ आठवडे झाले आणि गळ्यात निळा पट्टा असलेल्या पिल्लाचा उजवा वृषण पिशवीत नाही.

मग सहाव्या आठवड्यात बोटांना लागलं ते काय? वेट (प्राण्यांचे डॉक्टर) म्हणाले, चरबीची गोळी किंवा जांघेतली लसीकाग्रंथी. चूक माझ्या पद्धतीची. गार फरशीवर पिल्लू उताणं धरलं की थंडीनं, भीतीनं स्नायू आखडतो आणि उतरलेलाही वर ओढला जातो. आता पेंगुळलेलं पिल्लू उभं धरते, हात चोळून गरम करते आणि जांघेकडून पिशवीकडे दोन बोटं हलकेच सरकवत आणते. जाड ग्लव्ज कचऱ्यात टाकले, त्यांतून मटाराएवढं काही कळतच नाही. परवा लाल पट्ट्यानं असाच घाम फोडला होता. त्याचे आज दोन्ही चटकन लागले. केवढं हायसं वाटलं!

निळ्याचा मात्र जांघेतही लागत नाही. पोटात असणार. सहा महिन्यांपर्यंत वाट बघायची, पण आठ आठवड्यांनंतर उतरायची आशा थोडीच. एकानं हार्मोनची इंजेक्शनं सुचवली. त्यांचा भरवसा नाही, आणि उतरला तरी रक्तातला दोष जातो थोडाच! ऑपरेशन करून खाली ओढून शिवणं ही तर शुद्ध फसवणूक. एफसीआय या कुत्र्यांच्या जागतिक संस्थेच्या, जातीचे निकष सांगणाऱ्या स्टँडर्डमध्ये शेवटी तीच ओळ असते: नराचे दोन्ही वृषण पिशवीत पूर्ण उतरलेले हवेत.

म्हणजे याला स्टड, म्हणजे पैदाशीचा नर, म्हणून ठेवायचा बेत बारगळला. घरगुती पाळायला देईन, दोन्ही काढायच्या लेखी अटीवर. खालचा एकच काढून 'झालं' म्हणणारे भेटलेत मला. आतल्याला शरीराची ऊब सोसत नाही, शुक्राणू तयार होत नाहीत. हार्मोन मात्र चालूच, आणि पुढे पीळ पडायचा किंवा गाठ व्हायचा धोका त्याच्यातच जास्त.

दोष पिल्लांच्या बापाच्या माथी मारून पुढच्या माजाला दुसरा नर लावायचा, असं ठरवून लिहायला बसले होते. पण दिसतो नरात, तरी येतो दोन्हीकडून. माझी मादीही त्यात आली. आणि हिची पिवळ्या पट्ट्याची जी मादी पिल्लू मी ठेवून घेणार होते, तीसुद्धा दोषाची वाहक असू शकते.

मेटिंग रद्द. पहिल्या वेतातल्या तिन्ही नरांच्या मालकांना आज रात्री फोन लावतेय.