वांगी सोलताना

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला रविवार आला की बोरी नदीकाठच्या एका मळ्यात, चिंचेखाली, सकाळी नऊला आमची गिनती होते, मग वांग्याच्या भरताची पंगत. आमची म्हणजे तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या मंडळाची. बहुतेक वर्षी तोवर चंपाषष्ठी उलटलेली असते, त्यामुळे वांगं खायला घरच्या म्हाताऱ्यांचीही हरकत नसते. 16 डिसेंबरचा विजय दिवसही जवळच. तारीख मुळात कशावरून ठरली, यावर मंडळात दोन तट आहेत. मी वांग्यांच्या बाजूचा.

मी 2005 साली पेन्शनवर आलो. सतरा वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनात, ट्रेड लाइनमन, ट्रेनिंग जबलपूरला. शेवटची मोठी धावपळ ऑपरेशन पराक्रमची, म्हणजे पाकिस्तानच्या सीमेवर फौज उभी केली त्याची: डिसेंबर 2001 ला राजस्थानच्या वाळूत गेलो ते पुढच्या ऑक्टोबरपर्यंत. युद्ध झालंच नाही. दहा महिने केबल टाकायची, गुंडाळायची, पुन्हा टाकायची. गावात ह्याची गोष्ट होत नाही. झेलम एक्स्प्रेसमधून काळी पेटी घेऊन जळगावला उतरलो तेव्हा भावकीनं हार घातले, पोरांनी 'मेजर आले, मेजर आले' केलं. आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. मी हवालदार होतो.

महिनाभरात हार वाळले. वय सदतीस, पोरं शाळेत, आणि जो तो विचारतो, "मग आता काय करता?" मला चारला जाग यायची. पाचला दाढी, बूट चकाचक, आणि मग ओट्यावर बसून राहायचं. बायको एकदा चहा देताना म्हणाली, "आज कुठं परेड आहे?" गमतीत म्हणाली, पण मी दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. भाऊ शेतावर बोलवायचा. तिथं मी मजुरांना रांगेत उभं करायला लागलो, तेव्हा त्यानं बोलावणं बंद केलं.

कॅन्टीनच्या रांगेत एका वयस्कर गृहस्थांनी नाव, युनिट, गाव विचारून खिशातल्या डायरीत टिपून घेतलं. पांढऱ्या मिशा, पायात कॅनव्हासचे बूट. "तुमचा नंबर एकतीस. डिसेंबरात या," एवढंच बोलले. मी गेलो नाही. म्हटलं, म्हातारे जमून लढाया सांगत बसणार, आपण काय सांगायचं, केबल?

त्या रविवारी संध्याकाळी दारात मोटारसायकल थांबली. महार रेजिमेंटचे एक नाना आणि मागे बसलेले तोपखान्याचे दादा. हातात स्टीलचा डबा. नाना उंबऱ्यातूनच म्हणाले, "काबर ऊना नही रे भाऊ? तुन्हा नंबर रिकामा राह्यना." डब्यात भरीत, वर कळण्याची भाकरी घडी करून ठेवलेली. दोघं तासभर बसले. कापूस किती निघाला, विहिरीला पाणी किती, एवढंच बोलले. फौजेचा विषयही नाही. जाताना दादा मोठ्यानं ओरडले (ते सगळंच ओरडून बोलतात, तोफांनी कान गेलेत), "रात्री झोप लागते का?" गल्लीनं ऐकलं. मी मान हलवली. ते म्हणाले, "आम्हालाही नाही लागत. पुढच्या वेळी ये."

ही सगळी शिस्त त्या पांढऱ्या मिशीवाल्या सुभेदारसाहेबांची. पलटणीत गिनती उभं राहण्याच्या क्रमानं होते. त्यांनी मात्र नंबर माणसाला लावून दिला, कायमचा. एक नंबर ते स्वतः. एक, दो, तीन म्हणत रांग पुढे जाते, आणि कुणी नसेल तर तिथं भोक पडतं. ते भोक का पडलं हे कळल्याशिवाय पंगत बसत नाही. हल्ली फोन लावतात, पण कुणी फोनवर नुसतं "बरंय, बरंय" म्हटलं की मोटारसायकल निघतेच. गिनतीत दादांमुळे हमखास घोळ होतो. कानाचं मशीन मिळालंय त्यांना, ते खिशात असतं. त्यांचा सव्वीस नंबर आला की शेजारचा कोपर मारतो आणि मग असा "छब्बीस!" येतो की चिंचेवरची पाखरं उडतात.

गिनती झाली की आग. वांगी बामणोदचीच हवीत, लांबट, हिरवी, पांढरट झाक असलेली. त्यासाठी दोघं आदल्या दिवशी तिकडे जातात. टोचे मारून, तेलाचा हात फिरवून वांगी कपाशीच्या काट्यांवर टाकायची. काट्या भपकन पेटतात आणि लगेच बसतात, म्हणून आग सोडून जाता येत नाही. भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत ठेचायची, मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. तेलाचं प्रमाण मी सांगणार नाही, आमच्यातल्या निम्म्यांना डॉक्टरांनी मना केलंय.

पण खरी जागा सोलायची. आठ-दहा जण उकिडवे बसतात, पुढ्यात पाण्याची वाटी, बोटं पोळताहेत, नजर खाली. मी पाहिलंय, समोरासमोर खुर्च्या टाकून बसवलं तर आमच्यातला एकही माणूस तोंड उघडणार नाही. वांगं सोलताना उघडतो. आमच्यातले दुसरे एक नाना 1987 ला शांतिसेनेत श्रीलंकेला गेलेले. भारताचे सुमारे बाराशे जवान तिथं मारले गेले, पण गावात त्या लढाईचं कुणाला काही माहीत नाही. शाळेत भाषणाला बोलवतात ते कारगिलवाल्यांना. नाना कितीतरी वर्षं नुसते सोलायचे. एकदा वांग्याचं देठ धरून म्हणाले, "जाफन्याला ताडाची झाडं होती. अजून ताड दिसला की मी रस्ता बदलतो." कुणी मान वर केली नाही. थोड्या वेळानं पलीकडून कुणीतरी म्हणालं, "मला डिझेलचा वास." मग कुणी दिवाळीच्या सुतळी बॉम्बचं सांगितलं. नाना म्हणाले, "लसूण कमी पडतोय," आणि विषय लसणावर गेला.

सुभेदारसाहेब स्वतः 71 च्या लढाईतले. ढाक्याच्या शरणागतीत पाकिस्तानचे 93,000 कैदी झाले, त्यांतल्या काही कैद्यांना लंगरमधून जेवण वाढायचं काम यांच्या पलटणीकडे आलं होतं. पोरं विचारायची, "आबा, किती मारले?" ते म्हणायचे, "मारल्याचा हिशेब नाही, वाढल्याचा आहे. वरण कमी पडलं होतं."

पुढे बायकाही यायला लागल्या. पात निवडताना त्यांची वेगळी गिनती चालते. एक म्हणाली, "आमचे रात्री तीनदा कडी बघतात." दुसरी म्हणाली, "तीनदाच? आमचे पाचदा, वर मला उठवून विचारतात लावली का." हसू थांबेना. माझी बायको त्या दिवसापासून मला परेडबद्दल विचारत नाही, कडीबद्दल विचारते.

जेवणानंतर केळीची पानं उचलली की सतरंजीवर कागदं निघतात. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा राहिला असेल तर तो, कुणाच्या मुलाला राज्य सरकारच्या भरतीत माजी सैनिकांचं 15 टक्के आरक्षण चालेल का (सहसा चालत नाही, ते मुळात स्वतः सैनिकासाठी). सगळ्यात जास्त घोळ बायकांच्या नावांचा. लग्नात नाव बदललेलं, फौजेच्या रेकॉर्डला माहेरचं, आधारवर सासरचं. नवरा आहे तोवर कुणाला फिकीर नसते, तो गेला की फॅमिली पेन्शन तिथंच अडते. सुभेदारसाहेब दरवर्षी सगळ्यांना हे दुरुस्त करायला लावायचे. एका वर्षी कुणीतरी त्यांचेच कागद मागितले. बाईंचं नाव माहेरचंच निघालं. साहेब मिशीला हात लावत म्हणाले, "राहून गेलं." त्यांना दोन-तीन हेलपाटे पडले, पण झालं.

ते गेले त्या वर्षी गिनतीला उभे राहिलो खरे, पण एक नंबरचं काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. महारवाल्या नानांचा दोन. ते घसा खाकरत उभे. रांग गप्प. पलीकडे बायका पात निवडत बसल्या होत्या, त्यांच्यात सुभेदारसाहेबांच्या बाई. त्या उठल्या नाहीत, हातातली जुडी खाली ठेवली नाही. तिथूनच म्हणाल्या, "एक."

नाना दोन म्हणायला विसरले. दादांनी तर ऐकलंच नव्हतं. त्यांना वाटलं रांग आपल्यासाठीच थांबलीय, आणि ते ओरडले, "छब्बीस!"